ऊन खरं, घाम कुठे गेला?

फिलिपिन्समधलं सगळ्यात जास्त हातांतून फिरलेलं चित्र बहुधा एका जिनच्या बाटलीवर आहे. तलवार उगारलेला देवदूत मिखाएल आणि त्याच्या पायाखाली चिरडला जाणारा सैतान. 'हिनेब्रा सान मिगेल'चं हे लेबल १९१७ च्या सुमारास पंचविशीतल्या एका चित्रकाराने काढून दिलं. पिणाऱ्यांनी देवदूताला बाजूला सारलं आणि बाटलीला 'मार्का देमोन्यो', म्हणजे सैतान छाप, म्हणायला सुरुवात केली. तो चित्रकार म्हणजे फर्नांदो अमोर्सोलो. पुढे त्याच्याच चित्रांनी पर्यटनाची पोस्टरं सजली, शाळेतल्या वाचनमालेत त्याचीच चित्रं आली, आणि १९७२ मध्ये तो गेल्यावर काही दिवसांतच त्याला देशाचा पहिला 'राष्ट्रीय कलावंत' घोषित करण्यात आलं.

या माणसावरून मनिलातला वाद तो हयात असल्यापासूनचा आहे. एक पक्ष म्हणतो, आमच्या मातीचं, आमच्या बायकांचं, आमच्या उन्हाचं रूप याने जगाला दाखवलं. दुसरा म्हणतो, हा गोडगोड कॅलेंडरं रंगवणारा कारागीर; गोऱ्या साहेबाला जसा फिलिपिन्स हवा होता तसा त्याने काढून दिला. मला दोन्ही पक्षांची मांडणी अपुरी वाटते. उन्हाच्या बाबतीत हा चित्रकार कमालीचा प्रामाणिक होता, कष्टांच्या बाबतीत नव्हता. हे दोन्ही एका दमात सांगता आलं पाहिजे. ते सांगायचं काम ज्यांचं होतं त्या संस्थांनी, म्हणजे संग्रहालयांनी, पाठ्यपुस्तकांनी आणि सरकारने, त्याची सोयीची बाजू तेवढी उचलली. माझी तक्रार चित्रकारापेक्षा त्यांच्याविरुद्ध जास्त आहे.

आधी माणूस समजून घेऊ. जन्म ३० मे १८९२, मनिलातल्या पाको भागात. बालपण लुझॉन या मुख्य बेटाच्या दक्षिणेतल्या दाएत गावी गेलं, वडील हिशेबनीस. ते गेले तेव्हा फर्नांदो अकरा वर्षांचा होता. आई मुलांना घेऊन मनिलाला परतली आणि आपल्या चुलत-मावस नात्यातल्या फाबियान द ला रोसा या नामवंत चित्रकाराच्या आसऱ्याला आली. तेराव्या वर्षी पोरगा त्या घरातच उमेदवारीला लागला. जलरंगात पोस्टकार्डं रंगवायची आणि एका पुस्तकाच्या दुकानात दहा सेंताव्होला एक या दराने द्यायची, हा त्याचा पहिला धंदा. पोट भरायचं तर लोकांना आवडेल ते रंगवायचं, हा धडा त्याला रंगकामाच्या धड्यांबरोबरच मिळाला. पुढच्या आयुष्याचा बराच उलगडा त्या पोस्टकार्डांत आहे असं मला वाटतं.

लिसेओ दे मनिलामधलं शिक्षण १९०९ मध्ये संपलं. त्याच सुमारास नव्याने निघालेल्या फिलिपिन्स विद्यापीठाच्या कलाशाळेतून तो १९१४ मध्ये पहिल्या तुकडीबरोबर बाहेर पडला आणि तिथेच शिकवू लागला. मग एन्रिके झोबेल दे आयाला या धनिकाने त्याला स्वखर्चाने माद्रिदला पाठवलं. तिथे त्याने जुना स्पॅनिश उस्ताद वेलास्केझ पाहिला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावरचं ऊन रंगवणारा सोरोया आणि स्वीडनचा अँडर्स झोर्न यांची चित्रं त्याच्या डोळ्यांत भरली. परतला तो एक गोष्ट मनाशी पक्की करून: सूर्य माणसांच्या पाठीमागे ठेवायचा.

ही नुसती युक्ती नव्हे. विषुववृत्ताजवळच्या उन्हात समोरून प्रकाश पडला की सगळं पांढरंफटक, सपाट दिसतं. सूर्य मागे घेतला की आकृतीच्या कडेला सोन्याची रेघ उमटते, केसांच्या सुट्या बटा पेटल्यासारख्या दिसतात आणि चेहरा सावलीत जातो. पण ती सावली काळी नसते. जमिनीवरून, पाण्यावरून, शेजारणीच्या पांढऱ्या कपड्यावरून उसळलेला प्रकाश हनुवटीखाली आणि गालावर येऊन बसतो. हा उसना प्रकाश अमोर्सोलोने ज्या नजाकतीने पकडलाय तसा आशियातल्या फार कमी चित्रकारांना साधला. सावलीत जांभळा, कडेला पिवळा, मध्ये कातडीचा उबदार तपकिरी. उन्हाळ्यात दुपारी मांडवाखाली बसलेल्या बाईचा चेहरा नीट पाहा, रंग तंतोतंत हेच असतात. इथे त्याने डोळ्यांना दिसलं ते इमानाने लिहून ठेवलं.

आता त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र घेऊ, १९२२ मधली 'भातलावणी'. हा विषय त्याने नंतर आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवला. पाण्याने भरलेली खाचरं, त्यात उतरलेलं आकाश, रुंद टोप्या घातलेल्या वाकलेल्या माणसांची रांग, कपड्यांचे लाल-पांढरे ठिपके, दूरवर झाडी. पाहताक्षणी मन प्रसन्न होतं, यात वाद नाही.

पण कोकणात, मावळात किंवा भंडारा-गोंदियाकडे ज्यांनी लावणी केलीय, निदान बांधावर उभं राहून पाहिलीय, त्यांच्या मनात दुसऱ्याच क्षणी शंका येते. या बायकांच्या पोटऱ्यांना चिखल कुठाय? रोपांची मूठ डाव्या हातात धरून उजव्याने रोवत मागे मागे सरकायचं, तेही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तिथल्या टॅगालोग भाषेतल्या लोकगीतांतही या पाठमोडीची तक्रार आहे, आणि ती गाणी तिथली पोरं शाळेत म्हणतात. शिवाय लावणी हे मुख्यतः पावसाळ्यातलं काम. लुझॉनचा पाऊस आपल्या आषाढापेक्षा सौम्य नाही. अमोर्सोलोच्या लावणीत मात्र आभाळ धुऊन काढल्यासारखं, आणि धुतल्यासारखेच कपडे. ज्याच्या घरी तो शिकला त्या द ला रोसानेही भातलावणी रंगवली आहे. त्याचे रंग दबलेले, करडे-हिरवे, हवा जड. लोकप्रिय भाचा झाला, मामा राहिला अभ्यासकांपुरता. का, ते सांगायला नको.

या निवडीला पार्श्वभूमी होती. अमोर्सोलो दहा वर्षांचा होण्याआधी त्याच्या देशाने स्पेनविरुद्धचा उठाव, १८९८ मध्ये पॅरिसच्या तहात दोन कोटी डॉलरला झालेलं स्वतःचंच हस्तांतर, आणि मग अमेरिकेविरुद्धचं युद्ध पाहिलं होतं. युद्धाच्या पाठोपाठ कॉलरा आला. बुळकांडीने गावोगावचे रेडे मेले, नांगराला जनावर उरलं नाही. अशा पिढीला धष्टपुष्ट रेडा, पिकलेलं शेत आणि हसरी पोर बघावीशी वाटली तर तिला नावं कशी ठेवायची? हे मी मान्य करतो. दुःखातून उठलेल्या माणसाला आनंदाचं चित्र हवं असतं, आणि ते काढून देणं हे काही पाप नाही.

अडचण पुढे येते. चित्रं रंगवली जात होती त्याच काळात ती शेतं शांत नव्हती. मध्य लुझॉनमध्ये भातशेती बहुतांशी अर्धेलीने चाले. बी-बियाणं आणि खावटी यांचं कर्ज जमीनदाराकडून, आणि कापणीला हिशेब जमीनदाराच्या वहीत. जानेवारी १९३१ मध्ये पांगासिनानमधल्या तायुगला शेतकऱ्यांनी उठाव केला. मे १९३५ मध्ये मनिलाच्या आसपासच्या लागुना आणि बुलाकान प्रांतांत साकदाल चळवळीचे शेतकरी हत्यारं घेऊन उठले. पन्नासाच्या वर माणसं मारली गेली. आपल्याकडे याच वर्षांत अलिबागजवळ चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध भाताची जमीन पडीक ठेवून संप केला होता, ही आठवण मराठी वाचकाला असेल तर तिथला राग समजायला वेळ लागणार नाही. त्याच १९३५ मध्ये फिलिपिन्सला स्वायत्त राष्ट्रकुलाचा दर्जा मिळाला, आणि त्या राष्ट्रकुलाच्या जाहिरातींत, माहितीपत्रकांत अमोर्सोलोची भातलावणी झळकू लागली. लागुनात गोळीबार आणि पोस्टरवर लागुनासारखंच खाचर. ही सांगड चित्रकाराने घातली नाही. पण ती घालता येईल असं चित्र त्याने काढून दिलं होतं.

त्याच्या बाजूचा सर्वांत दमदार मुद्दा चेहऱ्याचा आहे. स्पॅनिश काळात सौंदर्याचा नमुना म्हणजे लांबट चेहऱ्याची, सरळ नाकाची मिश्रवंशीय घराण्यातली मुलगी. अमोर्सोलोने मुद्दाम गोल चेहरा घेतला, बसकं पण ठाम नाक आणि ठसठशीत डोळे घेतले. आपल्या आदर्शाची व्याख्याही त्याने शब्दांत करून ठेवली होती. साहेबाच्या आरशात बघायची सवय झालेल्या समाजाला गावच्या पोरीकडे बघायला लावणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. फक्त त्याच व्याख्येत, ती फार गोरी नको आणि फार सावळीही नको, अशी रंगाची तडजोड आहे. दिवसभर उन्हात असणारी ही मुलगी रापलेली मात्र कधीच नाही. निम्मं धाडस केलं, निम्मं राहिलं.

१९२८ मध्ये व्हिक्टोरियो एदादेस हा चित्रकार अमेरिकेतून परतला. सिअ‍ॅटलला शिकताना त्याने अलास्कातल्या मासळीच्या कारखान्यांत राबून पैसे कमावले होते. मनिलातल्या फिलिपाइन कोलंबियन क्लबात त्याने मांडलेल्या 'बांधकामवाले' या चित्रात मातकट, राखाडी रंगातले वाकलेले, पिळवटलेले मजूर दगड ओढताहेत. ऊन नाही, सोन्याची रेघ नाही. लोक बिचकले. पुढची कित्येक वर्षं वर्तमानपत्रांतून आधुनिकांच्या बाजूने एदादेस आणि जुन्यांच्या बाजूने शिल्पकार गियेर्मो तोलेंतिनो असा सामना रंगला. एदादेसच्या या चित्रात जे होतं, राबणाऱ्या अंगाचं वजन, ते अमोर्सोलोत नव्हतं, हे कबूल केलंच पाहिजे.

पण हा वाद हळूहळू विरूपण, म्हणजे आकृत्या मुद्दाम वेड्यावाकड्या काढणं, योग्य की अयोग्य, अशा शाळकरी वळणावर गेला. १९५५ च्या वार्षिक प्रदर्शनात बक्षिसं बहुतेक आधुनिकांना गेली म्हणून पारंपरिक चित्रकारांनी आपली चित्रं उचलून बाहेर फूटपाथवर मांडली. नाट्य जोरदार झालं. मात्र त्या दशकात मध्य लुझॉनच्या भातशेतांत हुक म्हणवणारे शेतकरी बंडखोर आणि सरकार यांच्यात जे घडून गेलं होतं त्याचा या भांडणाशी सुतराम संबंध नव्हता. ज्या रामोन मॅगसेसेच्या नावाचा पुरस्कार १९५८ मध्ये आपल्या विनोबांना मिळाला, तो मॅगसेसे मुळात या शेतकरी बंडाचा मोड करणारा संरक्षणमंत्री म्हणून पुढे आला होता. जमिनीचा प्रश्न असा देशाच्या राजकारणाच्या मध्यभागी होता, आणि चित्रकार भांडत होते बक्षिसांवरून.

वास्तववादी शैलीलाच दोषी धरणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या हुआन लुना या फिलिपिनो चित्रकाराकडे पाहावं. १८८४ मध्ये माद्रिदच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवणारं त्याचं 'स्पोलिआरियम' हे प्रचंड चित्र आज मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, सुमारे सव्वाचार मीटर उंच आणि साडेसात मीटरहून जास्त रुंद. रोमच्या आखाड्यात मेलेल्या गुलाम योद्ध्यांची प्रेतं दोराने फरफटत तळघरात नेली जाताहेत. पक्की अकादमीची शिस्त, पक्कं रेखांकन, तरी प्रत्येक फिलिपिनो देशभक्ताने त्यात स्पेनच्या टाचेखालचा आपला देश वाचला. पुढे राष्ट्रनायक ठरलेल्या होसे रिझालने त्या विजयाच्या मेजवानीत केलेलं भाषण पुढे त्याच्या राजद्रोहाच्या वाटेवरचं पहिलं पाऊल मानलं गेलं. म्हणजे हात तोच, शिस्त तीच. कशाकडे बघायचं, एवढाच प्रश्न होता.

आणि अमोर्सोलोला तिकडे बघता येत नव्हतं असंही नाही. याचा पुरावा त्यानेच ठेवलाय. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी अमलात तो मनिलात जपानी छावणीजवळच्या घरात राहत होता. खिडकीतून, छपरावरून तो रेखाटनं करत राहिला: जळणाऱ्या इमारती, नवऱ्याच्या प्रेताशी बसलेल्या बाया, हातगाड्यांवर संसार लादून शहर सोडणारे लोक. फेब्रुवारी-मार्च १९४५ च्या मनिलाच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेले. त्या वर्षीचं त्याचं एक चित्र मी वारंवार बघतो. झोपडीच्या आत एक बाई घाबरून मागे सरकलेली, तिच्यापुढे एक माणूस हातात कोयता घेऊन सगळं अंग ताणून उभा. ज्याच्यावर तो धावून जाणार तो शिपाई चित्रात नाहीच. त्या माणसाच्या पायाशी फक्त एक जपानी लष्करी टोपी पडलीय. ऊन नाही, पिवळी रेघ नाही, पोटऱ्या आणि दंड गाठाळलेले. इथे त्याने हिंसा चौकटीच्या बाहेर ठेवून ती दुप्पट केली. गोडवा विकणाऱ्या कारागिराला हे सुचत नाही.

१९४८ मध्ये ही युद्धचित्रं खुद्द मालाकान्यांग या अध्यक्षीय प्रासादात मांडली गेली. त्यानंतर लोकांच्या डोळ्यांपुढे काय उरलं? पुन्हा लावणी, पुन्हा नदीवर धुणं धुणाऱ्या पोरी, पुन्हा आंब्याच्या झाडाखालची दुपार. गिऱ्हाईक हजर होतं: अमेरिकी सैनिक, पर्यटक, नव्याने श्रीमंत झालेली घरं. दोन लग्नांतून झालेली डझनाहून जास्त मुलं, पुढे मधुमेह, मोतीबिंदू, सांधेदुखी. त्याने एकूण दहा हजारांच्या वर कामं केली असा अंदाज सांगतात. त्यातल्या उत्तरार्धातल्या कित्येक कॅनव्हासांत हात चालतोय आणि डोळा थांबलाय, हे स्पष्ट दिसतं. एर्मिता भागातल्या मबिनी रस्त्यावरच्या दुकानांत त्याच्या धर्तीची शेतं-झोपड्या-सूर्यास्त यांची चित्रं ढिगाने विकली जाऊ लागली. नकलांचा दोष मुळाला देऊ नये हे खरं, पण मूळ चित्रकारच जेव्हा स्वतःची नक्कल करू लागतो तेव्हा नकलांचं फावतं. संसार मोठा होता, हे कारण समजण्याजोगं आहे. समजण्याजोगं असलं म्हणून ते टीकेच्या पलीकडे जात नाही.

आता सरकारकडे येतो. २४ एप्रिल १९७२ ला अमोर्सोलो गेला आणि राष्ट्राध्यक्ष मार्कोसने त्याला राष्ट्रीय कलावंत केलं. हा किताबच त्या वेळी नव्याने निघाला होता. सप्टेंबरमध्ये मार्कोसने लष्करी कायदा जाहीर केला. जे सरकार वर्तमानपत्रांना टाळं ठोकणार होतं त्याला पहिला राष्ट्रीय कलावंत म्हणून हसऱ्या शेतकऱ्यांचा चित्रकार सापडावा, हे सोयीचंच होतं. जपानी टोपीवाला अमोर्सोलो त्यात कुठे होता? गंमत अशी की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच मार्कोसला भात आणि मक्याच्या जमिनींपुरता कूळकायदा काढावा लागला. म्हणजे सहा महिन्यांच्या आत एकाच सरकारने सुखी लावणीच्या चित्रकाराचा गौरव केला आणि लावणी करणारा सुखी नाही याची कायद्याने कबुलीही दिली. दोन्ही कागदांवर सही एकाच माणसाची.

सरकारी किताबाचा धोका हाच. तो कलावंताची सगळी चित्रं विकत घेत नाही, एकच घेतो, आणि ते भिंतीवर इतकं मोठं करून लावतो की बाकीची मागे झाकली जातात. चित्रकार वारल्यावर दिलेल्या किताबाला तर तो हरकतही घेऊ शकत नाही.

म्हणून अमोर्सोलोला भिंतीवरून उतरवा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ऊन रंगवण्याचं त्याचं ज्ञान हे तिथल्या मुलांच्या हक्काचं आहे. आपल्याकडेही चित्रकला शिकणाऱ्या मुलांना उसना प्रकाश समजावून द्यायचा असेल तर त्याची चार-पाच चित्रं पुरेत. तसंच, तो राष्ट्राचा आत्मा आहे, त्याला हात लावू नका, म्हणणाऱ्यांशीही जमत नाही. २००८ मध्ये मनिलातल्या सात संग्रहालयांनी मिळून त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं, प्रत्येक ठिकाणी वेगळा विषय. लोकांनी रांगा लावल्या असतील, पण अशा वाटणीत एकच इमारत पाहून परतणाऱ्याला अमोर्सोलोचा तुकडाच मिळतो. मी म्हणतो, एकाच दालनात लावा. १९२२ ची लावणी, तिच्या शेजारी द ला रोसाची लावणी, समोर एदादेसचे दगड ओढणारे मजूर, आणि बाजूला ती १९४५ ची झोपडी. खाली पाट्यांवर चित्राचं नाव आणि साल याखेरीज दोन ओळी जास्त लिहा: त्या वर्षी त्या प्रांतात जमीन कुणाच्या नावावर होती, पिकाचा वाटा किती जायचा, गोळीबार कुठे झाला.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: असं केलंत तर चित्राचा आनंद नासेल. पाटी वाचून नासण्याइतकं ते चित्र कच्चं आहे असं मला वाटत नाही. पाण्यावरून उसळून बाईच्या गालावर आलेला उजेड साकदाल उठाव माहीत झाल्यावरही तेवढाच देखणा राहतो. फक्त तिच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघून झालं की नजर आपसूक खाली, तिच्या पायांकडे जाते.